‘लॉस्ट फ्रॉम’ की ‘लॉस्ट टू’? कळव्याच्या बाईंना उत्तर

ताई, नमस्कार.

मी कळव्यात राहते आणि एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत खेळ शिकवते. माझं स्वतःचं सगळं शिक्षण मराठीत झालं. कबड्डी खेळले, मग बी.पी.एड. केलं. आमच्याकडे प्रत्येक सामन्याचा निकाल पालकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर इंग्रजीत टाकावा लागतो. गेल्या महिन्यात आमच्या मुली आंतरशालेय कबड्डीत पहिल्यांदाच फायनलला गेल्या. सेमीफायनलला कोपरखैरण्याच्या टीमला ३४-२२ असं हरवलं आणि फायनलला ऐरोलीकडून ३१-२७ असं हरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ग्रुपवर लिहिलं: ‘यस्टरडे अवर गर्ल्स हॅड डिफिटेड टू कोपरखैरणे इन सेमीफायनल बट दे लॉस्ट फ्रॉम ऐरोली विथ फोर पॉइंट्स. वी आर प्रॅक्टिसिंग सिन्स थ्री मंथ्स.’

दहा मिनिटांत एका पालकांचं उत्तर आलं, ‘लॉस्ट टू, मॅडम. व्हॉट विल द चिल्ड्रन लर्न?’ त्याखाली चार जणांनी अंगठे टाकले. मुली कशा खेळल्या हे कुणीच विचारलं नाही. दिवसभर मला वर्गावर जावंसं वाटेना. क्रिकेट, खो-खो, बॅडमिंटन सगळ्यांचे निकाल मलाच लिहायचे असतात आणि दर वेळी टू, फ्रॉम, बाय, विथ यांत मी अडकते. हॅव आणि हॅडचं तर विचारूच नका. यापुढे निकाल इंग्रजीच्या सरांकडून लिहून घेऊ का? की या वयात हे शिकता येतं?

– एक क्रीडाशिक्षिका, कळवा

बाई,

तुमचं पत्र वाचून मला आधी त्या चार अंगठ्यांचा राग आला. पोरी पहिल्यांदा फायनलला गेल्या होत्या, ग्रुपवर बोलायचं तर त्याबद्दल बोलायचं होतं. चूक दाखवायची तर तुमच्या नंबरवर दोन ओळी पाठवता आल्या असत्या.

निकाल सरांकडून लिहून घेऊ नका. सामना तुम्ही बघितलात, शेवटच्या चढाईला कुणाचा पाय रेषेला टेकला हे तुम्हाला माहीत आहे. सरांना तुम्ही तोंडी सांगणार आणि ते लिहिणार, यात अर्धा सामना गळून जाईल. शिवाय तुम्हाला जे शिकायचं आहे ते फार नाही. निकालाच्या वाक्यात इंग्रजीची तीनचार क्रियापदं आणि पाचसहा छोटे शब्द लागतात. मी ठाण्यात मराठी शाळेत बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं. तुमच्या वाक्यातल्या चुका मी वह्यांमध्ये इतक्या वेळा तपासल्या आहेत की त्या कुठून येतात हे मला पाठ झालं आहे. त्या तुमच्या मराठीतून येतात, आणि मराठी तुमची चोख आहे. म्हणून तर त्या इतक्या नेमाने होतात.

तुमचंच वाक्य घेऊ. मराठीत आपण ‘कोपरखैरण्याला हरवलं’ म्हणतो. हरवलं कोणाला, तर ‘ला’. शाळेत आपल्याला ‘ला म्हणजे टू’ असं शिकवलेलं असतं, म्हणून हात आपोआप ‘डिफिटेड टू’ लिहितो. पुढे ‘ऐरोलीकडून हरलो’. कडून म्हणजे फ्रॉम, म्हणून ‘लॉस्ट फ्रॉम’. इंग्रजीत बरोबर उलटं आहे. ‘बीट’ आणि ‘डिफीट’ यांच्यापुढे हरलेल्याचं नाव थेट येतं, मध्ये कुणीही नाही: ‘वी बीट कोपरखैरणे.’ आणि ‘लॉस्ट’च्या पुढे ‘टू’ येतो: ‘वी लॉस्ट टू ऐरोली.’ म्हणजे बघा, ‘टू’ तुमच्या वाक्यात होताच, फक्त शेजारच्या क्रियापदाकडे जाऊन बसला होता.

‘लॉस्ट टू’ लक्षात ठेवायला मी मुलांना एक युक्ती सांगायचे. सामना आपल्या हातून गेला, तो गेला कोणाला? ऐरोलीला. पूर्ण वाक्य ‘वी लॉस्ट द मॅच टू ऐरोली’ असं आहे. मधला ‘द मॅच’ गाळला की ‘लॉस्ट टू’ उरतो. करंडक ऐरोलीला गेला हे डोळ्यांसमोर आलं की ‘फ्रॉम’ लिहायला हात धजत नाही.

याच जागी आणखी एक खड्डा आहे आणि तो जास्त खोल आहे. मराठीत छत्रीही हरवते आणि प्रतिस्पर्ध्यालाही आपण हरवतो. त्यामुळे जिंकून आलेली मुलं उत्साहात ‘वी लॉस्ट देम’ असं लिहितात. इंग्रजी वाचणाऱ्याला त्याचा अर्थ ‘आमची ती माणसं सापडेनात’ असा लागतो. ‘फ्रॉम’ चुकला तरी निकाल कळतो, इथे निकालच पुसला जातो. म्हणून हरवलं म्हटलं की ‘बीट’, हरलो म्हटलं की ‘लॉस्ट टू’, एवढी जोडी आधी तोंडात बसवा. आणि ‘बीट’चा भूतकाळही ‘बीट’च असतो. ‘बीटेड’ नाही. ‘आम्हाला हरवलं गेलं’ असं सांगायचं असेल तरच ‘बीटन’.

‘वन’ची गोष्ट जरा वेगळी. ‘वन’च्या पुढे सामना किंवा करंडक येतो, माणूस किंवा टीम येत नाही. ‘वी वन द मॅच’ चालेल, ‘वी वन कोपरखैरणे’ म्हटलं तर आख्खं कोपरखैरणे बक्षीस मिळाल्यासारखं होईल. टीमचं नाव घ्यायचं तर ‘वन अगेन्स्ट कोपरखैरणे’. मराठीत आपण ‘त्यांच्यावर मात केली, त्यांच्यावर विजय मिळवला’ म्हणतो, म्हणून काही जण ‘वन ऑन’ लिहितात, काही ‘वन ओव्हर’. ‘अ विन ओव्हर कोपरखैरणे’ बरोबर आहे, कारण तिथे विन हे नाम आहे. क्रियापद म्हणून ‘वन ओव्हर’ लिहिलंत तर अर्थ होतो त्यांचं मन वळवलं.

आता तुमचे चार गुण. ‘चार गुणांनी’ हरलो, तुम्ही लिहिलंत ‘विथ फोर पॉइंट्स’. इथे दोष आपल्या तृतीयेचा. रामाने आंबा कापला, सुरीने कापला, चार गुणांनी हरलो: मराठीत तिन्हीकडे ने-नी. इंग्रजीत कर्त्याला ‘बाय’, हत्याराला ‘विथ’ आणि फरकाला परत ‘बाय’. गुण हे काही हत्यार नव्हे, ते अंतर आहे, म्हणून ‘लॉस्ट बाय फोर पॉइंट्स’. कर्ता आणि फरक दोन्ही आले की वाक्यात दोन ‘बाय’ होतात, ‘द मॅच वॉज वन बाय ऐरोली बाय फोर पॉइंट्स’. व्याकरणात चूक नाही, पण कानाला खडा लागतो. सरळ ‘ऐरोली वन बाय फोर पॉइंट्स’ लिहा.

क्रिकेटमध्ये हाच ‘बाय’ थोडा दमवतो. तुमच्या-माझ्या घराजवळचंच उदाहरण देते. २०२५च्या महिला विश्वचषकाची सेमीफायनल ३० ऑक्टोबरला नेरुळला डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाली. ऑस्ट्रेलियाने ३३८ केल्या, आपण ४८.३ षटकांत ५ बाद ३४१. मराठीत आपण म्हणतो, भारताने ५ गडी आणि ९ चेंडू राखून सामना जिंकला. एकाच ‘राखून’मध्ये दोन्ही गोष्टी बसतात. इंग्रजीत मात्र त्या एका राखूनचे दोन तुकडे करावे लागतात: ‘इंडिया वन बाय फाइव्ह विकेट्स विथ नाइन बॉल्स टू स्पेअर.’ गड्यांना ‘बाय’, चेंडूंना ‘विथ’ आणि शेवटी ‘टू स्पेअर’. आणि २ नोव्हेंबरची फायनल, तीही नेरुळलाच, पावसामुळे उशिरा सुरू झाली आणि मध्यरात्रीच्या सुमारास संपली. आपण ७ बाद २९८, दक्षिण आफ्रिका सर्वबाद २४६. पहिली फलंदाजी करून जिंकलो, म्हणून फरक धावांत: ‘इंडिया बीट साऊथ आफ्रिका बाय फिफ्टीटू रन्स.’ मराठीत एकदा ‘राखून’, एकदा ‘धावांनी’. इंग्रजीत दोन्हीकडे ‘बाय’. हे एकदा दिसलं की क्रिकेटचा निम्मा गोंधळ संपतो.

तुमच्या खो-खोलाही ही युक्ती तशीच लागू पडते. ‘२ गुण आणि ३ मिनिटं राखून’ असं आपण लिहितो, ते ‘बाय टू पॉइंट्स विथ थ्री मिनिट्स टू स्पेअर’. डावाने जिंकलो तर ‘बाय अ‍ॅन इनिंग्ज अँड फाइव्ह पॉइंट्स’.

क्रिकेटच्या आकड्यांतला ‘फॉर’ही सांगून टाकते, कारण तो दोन तोंडांचा आहे. २९८ धावा, ७ बाद: ‘टू नाइंटीएट फॉर सेव्हन’. त्याच फायनलमध्ये दीप्ती शर्माने ३९ धावांत ५ बळी घेतले: ‘फाइव्ह फॉर थर्टीनाइन’. संघाच्या धावसंख्येत धावा आधी आणि गडी नंतर, गोलंदाजाच्या आकड्यात बळी आधी आणि धावा नंतर. शफाली वर्मा ८७वर बाद झाली, आपल्या ‘वर’वरून मुलं ‘आउट ऑन’ लिहितात, तिथेही ‘आउट फॉर एटीसेव्हन’ लिहायचं. सेमीफायनलला जेमिमा रॉड्रिग्जच्या १३४ चेंडूंत नाबाद १२७ धावा, तिथे वर्तमानपत्रं ‘ऑफ’ वापरतात, दोन एफवाला. आपल्या ‘चेंडूंत’वरून ‘इन’ लिहिलंत तरी चूक नाही. आणि ४८.३ षटकं याचा अर्थ एकोणपन्नासावं षटक चालू होतं. ‘इन फॉर्टीएट पॉइंट थ्री ओव्हर्स’ किंवा ‘इन द फॉर्टीनाइन्थ ओव्हर’. ‘इन द फॉर्टीएट्थ ओव्हर’ लिहिलंत तर क्रिकेटवेडे पालक लगेच पकडतील.

आता काळ. मला विचाराल तर निकालाच्या इंग्रजीत खरं अडखळायला होतं ते इथे, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

मराठीत ‘जिंकलो’, ‘जिंकलो आहोत’ आणि ‘जिंकलो होतो’ ही तिन्ही रूपं कालच्या सामन्याला चालतात. ‘काल आमच्या मुलींनी छान खेळ केला होता’ असं आपण सहज बोलतो. त्या ‘होता’ने मागच्या कशाच्या तरी आधीचं असं काही आपण सांगत नसतो, ते नुसतं बोलण्याचं वळण आहे. इंग्रजीतला ‘हॅड’ एवढा मोकळा नाही. तुम्ही ‘यस्टरडे अवर गर्ल्स हॅड डिफिटेड’ लिहिलंत की वाचणारा थांबतो आणि विचारतो, कशाच्या आधी? पुढे काय झालं? ‘हॅड’ वापरायचा तर भूतकाळात एक खुंटी ठोकलेली पाहिजे, आणि त्या खुंटीच्याही मागचं काही सांगायचं पाहिजे.

नेरुळच्या त्या रात्रीचंच घ्या. ती रात्र ही खुंटी. त्याआधी आपल्या महिला संघाने विश्वचषकाच्या दोन फायनल गमावल्या होत्या, २००५मध्ये ऑस्ट्रेलियाकडून आणि २०१७मध्ये लॉर्ड्सवर इंग्लंडकडून अवघ्या ९ धावांनी. ‘इंडिया वन द कप इन नवी मुंबई. दे हॅड लॉस्ट द २००५ फायनल टू ऑस्ट्रेलिया अँड द २०१७ फायनल टू इंग्लंड.’ इथे ‘हॅड’ शोभतो. ते दोन पराभव त्या रात्रीच्या मागे उभे आहेत, म्हणून तर ती रात्र एवढी मोठी झाली. तो ‘हॅड’ वाचताना माझ्या पोटात आजही कालवाकालव होते. तुमच्या मुलींसाठी असं वाक्य लिहायचं तर ‘दे हॅड नेव्हर रीच्ड अ फायनल बिफोर’. पहिल्यांदाच फायनल, हे सांगायला याहून चांगली जागा नाही.

‘हॅव’चं काम वेगळं. दिवस, वार, साल यांचं नाव घेतलं की ‘हॅव’ला मज्जाव. ‘वी हॅव वन यस्टरडे’ चूक, ‘वी वन यस्टरडे’ बरोबर. ‘हॅव’ लागतो तो आजवरची मोजदाद करताना, जेव्हा हिशेब अजून उघडा असतो. पुरुषांचा एकदिवसीय विश्वचषक भारताने दोनदा जिंकला आहे: ‘इंडिया हॅव वन इट ट्वाइस.’ कधी जिंकला हे सांगायला लागलात की लगेच साधा भूतकाळ: ‘दे वन इट इन १९८३ अँड २०११.’ एकच गोष्ट, पण साल आलं आणि ‘हॅव’ गेला. ही दोन वाक्यं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. शंका आली की आपलं वाक्य यातल्या कुणासारखं आहे ते बघा. तुमच्या निकालात ‘काल’ किंवा ‘रविवारी’ असणारच, म्हणजे दहापैकी नऊ वेळा तुम्हाला साधा ‘वन’, साधा ‘बीट’, साधा ‘लॉस्ट’च लागणार आहे.

मग पेपरात ‘इंडिया विन वर्ल्ड कप’ असा वर्तमानकाळ कसा असतो? ती मथळ्याची रीत आहे. बातमी ताजी वाटावी म्हणून मथळा वर्तमानात आणि खालची बातमी भूतकाळात. समालोचकही डोळ्यांसमोर घडतंय म्हणून वर्तमानात बोलतो. तुम्हाला मेसेजच्या वर ठळक ओळ द्यायची असेल तर ‘गर्ल्स रीच फायनल’ जरूर द्या, पण मजकुरात उतरल्यावर ‘रीच्ड’. आणि त्या मथळ्यात ‘विन’ला एस का नाही, हेही तुमच्या मनात आलं असेल. ब्रिटिश वळणात संघ म्हणजे अनेक माणसं, म्हणून ‘इंडिया विन’, ‘इंडिया हॅव’. अमेरिकन वळणात संघ एक, म्हणून ‘विन्स’, ‘हॅज’. कोणतंही एक धरा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. ‘अवर गर्ल्स’ लिहिलंत तर हा प्रश्नच येत नाही.

‘सिन्स थ्री मंथ्स’ हाही आपल्या ‘तीन महिन्यांपासून’चा परिणाम. ‘पासून’ म्हणजे सिन्स, हे अर्धंच खरं. सुरुवात कधी झाली ते सांगायचं तर ‘सिन्स जून’, किती काळ झाला ते सांगायचं तर ‘फॉर थ्री मंथ्स’. क्रियापद दोन्हीकडे ‘हॅव बीन प्रॅक्टिसिंग’. सराव स्पर्धेबरोबर संपला असेल तर ‘हॅड बीन’.

जागा आणि वेळेचे शब्द पटकन सांगते, ते सवयीने बसतील: स्टेडियमला ‘अ‍ॅट’, ठाण्याला आणि नवी मुंबईला ‘इन’, रविवारला ‘ऑन’, फायनलला ‘इन द’, मध्यंतराला ‘अ‍ॅट हाफ-टाइम’. आपल्या ‘मैदानावर’वरून ‘ऑन दादोजी कोंडदेव स्टेडियम’ होतं, ते ‘अ‍ॅट’ करा. ‘अंतिम फेरीत प्रवेश’मधल्या ‘त’मुळे ‘एंटर्ड इन द फायनल’ होतं, तिथे ‘इन’ नको. ‘रीच्ड’च्या पुढे ‘टू’ नको. ‘क्वालिफाइड’च्या पुढे ‘फॉर’ हवा. बरोबरी झाली तर ‘ड्रू विथ’.

हरल्यावर आकडे कोणत्या क्रमाने लिहायचे, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण उद्या अडेल. हॉकी, फुटबॉल, कबड्डीत मोठा आकडा आधी, हरलो असलो तरी. पॅरिस ऑलिंपिकच्या सेमीफायनलला आपला हॉकी संघ जर्मनीकडून हरला: ‘लॉस्ट ३-२ टू जर्मनी’. दोनच दिवसांनी कांस्यपदकाच्या सामन्यात ‘बीट स्पेन २-१’. बॅडमिंटनला मात्र गेमगणिक आकडे असतात, तिथे वाक्याचा कर्ता जो असेल त्याचे गुण आधी लिहिले म्हणजे गोंधळ होत नाही. रिओ ऑलिंपिकच्या फायनलमध्ये स्पेनच्या मारिनविरुद्ध सिंधूने पहिला गेम घेतला आणि पुढचे दोन गमावले: ‘सिंधू लॉस्ट टू मारिन २१-१९, १२-२१, १५-२१’. आकडे नुसते वाचले तरी ती लढत डोळ्यांसमोर येते. आणि २०१९मध्ये बासेलला जागतिक अजिंक्यपदाच्या फायनलमध्ये सिंधूने जपानच्या ओकुहाराला २१-७, २१-७ असं हरवलं, त्याला ‘इन स्ट्रेट गेम्स’ म्हणायचं. टेनिसमध्ये गेम्सच्या जागी सेट्स.

त्या पालकांचं काय करायचं? त्यांनी सांगितलेली दुरुस्ती बरोबर होती, सांगायची रीत चुकली. पुढच्या वेळी असं झालं तर ‘थँक यू, करेक्टेड’ एवढंच लिहा आणि मेसेज दुरुस्त करा. पाठवल्यापासून पंधरा मिनिटांपर्यंत तो बदलता येतो. सफाई देऊ नका, माफी मागू नका. आणि मुख्याध्यापकांना एकदा विचारून बघा, निकाल वर मराठीत आणि खाली इंग्रजीत टाकला तर चालेल का. कळव्या-ऐरोलीच्या कितीतरी आज्या तो मेसेज नातीकडून वाचून घेत असतील.

तुमचा मेसेज मी असा लिहिला असता:

‘अवर गर्ल्स बीट कोपरखैरणे ३४-२२ इन द सेमीफायनल यस्टरडे. दे हॅड नेव्हर रीच्ड अ फायनल बिफोर. इन द फायनल, दे लॉस्ट ३१-२७ टू ऐरोली. दे हॅव बीन प्रॅक्टिसिंग फॉर थ्री मंथ्स.’

यात दोन जागा रिकाम्या आहेत, त्या तुम्हीच भरू शकता. मध्यंतराला किती गुण होते ते तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. आणि सेमीफायनलला सगळ्यात जास्त गुण कुणी आणले, त्या मुलीचं नाव. दोन्ही घालून मेसेज ग्रुपवर पुन्हा टाका. महिना उलटून गेला असला तरी टाका. फक्त आता ‘यस्टरडे’च्या जागी ‘लास्ट मंथ’ आणि ‘हॅव बीन’च्या जागी ‘हॅड बीन’ करा, बाकी एकही क्रियापद बदलावं लागणार नाही.